आकाशमार्गावरील धर्मशाळा

प्रवासांतील आतिथ्याची गोष्ट निघाली कीं आपल्याला प्रथम धर्मशाळा आठवते. तीर्थयात्रेच्या वाटेवर पुण्यश्लोक अहल्याबाईंनीं बांधविलेल्या धर्मशाळा, घाट आणि विहिरी यांचें वर्णन आपण वडील माणसांच्या तोंडून ऐकलेलें असतें. पायीं चालणाऱ्याला रात्र कोठें गांठील याचा नेम नसे. म्हणून वाटेवर एखादी ओसरी मोकळी ठेवण्याची चाल पडली. परंतु आकाशांतून जाणाऱ्या वाटसरूलाहि रात्र गांठते, वादळ गांठतें, आणि त्याच्यासाठींहि कोणी ओसरी मोकळी ठेवलेली असते, हें आम्हांला अमेरिकेंतील एका प्रवासांत कळलें. तो अनुभव वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचा भाचा तिकडे बरींच वर्षें नोकरीस आहे. त्याच्याजवळ हौशी वैमानिकाचा परवाना असून, सुटी मिळाली म्हणजे तो चार आसनांचें एक लहानसें विमान भाड्यानें घेतो. ऑगस्ट महिन्यांतील एका दुपारीं आम्ही दोघे आयोवा संस्थानांतून कोलोराडोकडे, त्याच्या घरीं, निघालों होतों. खालीं नेब्रास्काचा सपाट प्रदेश पसरला होता. तेथें पाण्याचे लांबलचक नळ चाकांवर बसवून वर्तुळांत फिरवितात. त्यामुळें मक्याचीं शेतें वरून पाहतांना पंगतींत मांडलेल्या ताटांसारखीं गोल दिसतात. तें दृश्य पाहण्यांत आम्ही गुंग असतां पश्चिमेकडे काळ्या ढगांची एक भिंत उभी राहिली.

भाच्याला दुसऱ्या दिवशीं सकाळीं कचेरींत हजर व्हावयाचें होतें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. समोरच्या पडद्यावरील पावसाचें चित्र आणि खिडकीबाहेरचें आभाळ तो आळीपाळीनें पाहत होता. अखेर म्हणाला, "मामा, आज पुढें जायचें नाहीं. जवळच मोटार ठेवणारें एक गांव आहे, तेथें उतरूं."

मोटार ठेवणारें गांव म्हणजे काय, हें आम्हांला उमगलें नाहीं. तोंवर अंधारून आलें होतें. भाच्यानें रेडिओची कळ भराभर सात वेळां दाबली, आणि काय आश्चर्य! खालच्या निर्मनुष्य माळावर धावपट्टीचे दिवे एकदम लागले. तेथें दिवे लावण्यास माणूस लागत नाहीं. येणारा वैमानिकच ते आकाशांतून लावतो.

अमेरिकेंत सर्वांना खुले असे सुमारें ५,००० विमानतळ आहेत. त्यांपैकीं नियमित प्रवासी विमानें सुमारें दहाव्या हिश्श्याकडेच येतात. बाकीच्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं एक धावपट्टी, दोनचार पत्र्याच्या हँगर, पेट्रोलची टाकी आणि एक छोटी खोली, एवढाच काय तो संसार. आमच्या खोलीच्या दाराला आंकड्यांचें कुलूप होतें. त्याचा आंकडा म्हणजे त्या विमानतळाच्या रेडिओचीच संख्या. ती प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असते, वाटेवरच्या चोराला नसते. आंत एक कोच, कॉफीचें भांडें, येणाऱ्यांनीं आपलीं नांवें लिहावयाची वही, आणि खिळ्याला टांगलेली एक किल्ली. ही किल्ली त्या प्रसिद्ध मोटारीची. अशी मोटार पुष्कळ गांवें ठेवतात. बहुधा ती जुनी असते, कधीं पोलिसखात्यानें निकालांत काढलेली. अडकलेल्या वैमानिकानें ती घ्यावी, गांवांत जाऊन जेवावें, आणि परत आणून ठेवावी. ना भाडें, ना जामीन.

आम्ही किल्लीकडे पाहत आहों तोंच एक वृद्ध शेतकरी मालमोटार घेऊन आला. विमानतळाची देखरेख त्याच्याकडेच होती. आकाशांत विमान घिरट्या घालतांना ऐकून तो घरून निघाला होता. त्यानें एकदां ढगांकडे पाहिलें, आपल्या हँगरचें दार उघडलें, आंतील अवजारें बाजूला सारलीं, आणि आमच्या मदतीनें विमान ढकलीत आंत नेलें. मोटारींतून त्यानें आम्हांला आपल्या घरीं नेलें. आम्ही मांस खात नाहीं असें कळतांच त्याच्या पत्नीनें मक्याचीं कणसें उकडलीं आणि बटाटे भाजले. त्या गोमांसाच्या मुलखांत त्या माउलीनें त्याबद्दल एक अक्षरहि काढलें नाहीं.

जेवतांना भाच्यानें मनांतली गोष्ट सांगितली. "मामा, आज मी पुढेंच जाणार होतों. खालीं रात्र काढण्याची सोय नसती, तर गेलोंहि असतों." घरीं पोहोंचण्याच्या या हट्टाला तिकडचे वैमानिक थट्टेनें एक रोगच समजतात; पण त्या रोगानें माणसें मरतात. केवळ डोळ्यांच्या भरंवशावर उडणारा वैमानिक ढगांत किंवा अंधारांत सांपडला, तर वर कोणतें व खाली कोणतें, हेंच त्याला कळेनासें होतें. १९९९ सालीं जुलैच्या १६ तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव असेच रात्रीं, धुरकट हवेंत, समुद्रावर दिशाभूल होऊन पत्नी व मेहुणीसह बुडाले. तेव्हां कोठल्याशा माळावरची ती जुनी मोटार म्हणजे निव्वळ सौजन्य नव्हे. ती माघार घेणें सोपें करते, आणि म्हणून प्राण वांचविते.

यजमानानें विचारलें, "तुमच्याकडेहि असें असतें का?" आम्ही त्याला १९३० सालची गोष्ट सांगितली. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें उडून पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. जे. आर. डी. टाटा कराचीहून पश्चिमेकडे निघाले, आणि अवघा कोवळा तरुण अस्पी इंजिनियर इंग्लंडहून पूर्वेकडे. ईजिप्तमधील अबूकीर येथें टाटा उतरले, तों अस्पी स्पार्क प्लगवांचून अडकून पडलेला. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीनें कांहीं तासांच्या अंतरानें जिंकलें, आणि १९६० सालीं तो भारताच्या वायुदलाचा प्रमुख झाला. म्हातारा मान हलवून म्हणाला, "मग प्लग चांगल्या जागीं गेले म्हणायचे."

रात्रीं गारा पडल्या. सकाळीं अंगणांत येऊन पाहतों तों त्याच्या मालमोटारीच्या टपावर सुपारीएवढे खळगे, आणि पुढची कांच तडकलेली. एरवी ती मोटार हँगरमध्येंच असे, हें तेव्हां आम्हांला कळलें. भाचा खजील झाला. भरपाईची गोष्ट काढूं लागला. म्हातारा म्हणाला, "खळगे पडले तरी मोटार चालते. विमानाच्या पंखाला पडले असते, तर तुम्ही येथेंच राहिला असतां."

अतिथीला देव मानण्याचा उपदेश आपल्या तैत्तिरीय उपनिषदांत आहे, आणि त्याचा अभिमान आपण योग्यच बाळगतों. परंतु दारीं आलेल्या माणसाला आपण पाणी देण्यापूर्वीं त्याचें नांव, गांव आणि कोणाचा कोण, हें विचारून घेतों कीं नाहीं, याचा विचार आम्ही परतीच्या वाटेवर पुष्कळ वेळ करीत होतों. त्या गृहस्थानें आमचें नांव विचारलें, तें पानावरून उठल्यानंतर.