कातळावरची वस्ती

आंबोलीला बहुतेक लोक धबधब्यासाठी येतात. घाटात गाड्यांची रांग, भाजत्या कणसांचा धूर, भिजलेल्यांचा आरडाओरडा. धबधब्याशी माझं वैर नाही. पण वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावाचं वैभव मान वर करून दिसत नाही. त्यासाठी रात्री, विजेरी खाली धरून, वाकून चालावं लागतं.

आमच्या पुढे चालणारा गावातला पोरगा एकच घोकत होता, “पाय खंय ठेवतास ता बघा.” डबक्यावर झुकलेल्या पानांना मलबारी उडत्या बेडकांचा पांढरा फेस चिकटला होता. अंडी त्या फेसात. पिल्लं वाढली की फेस पावसाने विरघळतो आणि ती सरळ खालच्या पाण्यात उतरतात. जवळच्याच फांदीवर चापडा साप पडून होता. आमच्यातल्या निम्म्यांना तो बोट करूनही दिसला नाही.

झाडी संपली आणि जांभ्याचा उघडा कातळ लागला. “इथे काय बघायचं?” कुणीतरी विचारलं. उन्हाळ्यात मीही हेच विचारलं असतं.

इथे आंबोली टोड राहतो. अंगठ्याएवढा जीव, कुशीवर पिवळसर पट्टे. विज्ञानाने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती 2009 साली, आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. कातळाच्या खळग्यात साचलेलं बोटभर पाणी हे त्याचं बाळंतघर. पावसाने मध्येच ओढ दिली की खळगा आटतो, पिल्लं गेली. गाडी वळवायला कुणी कातळावर चाक चढवलं तरी तेच.

2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा ठरल्या. आपल्याकडून कास, कोयना, चांदोली, राधानगरी. आनंदच आहे. पण रक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडं येतात, नाहीतर देव. आंबोलीतच हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या कुंडातला एक चिमुकला मासा 2020 साली विज्ञानाला नवीन ठरला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. कायदा आत्ता आला. त्याआधी कुंड राखायला तिथलं मंदिर होतं. कातळाला ना झाड, ना देव. कोकणभर असे कातळाचे सडे सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणून बसलेत. पडीक जमिनीसाठी कोण भांडणार? मला वाटतं, अशा ठिकाणी पर्यटक हाच एक आधार होऊ शकतो, आणि धोकाही तोच.

कारण लगेच मागणी झालीच : टोड हातावर ठेव, फोटो काढू. पोरगा नाही म्हणाला. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते आणि आमच्या हातांना डासांचं मलम होतं. “पैसे भरलेत आम्ही,” अशी कुरकुर झाली. तोवर तो पुढच्या खळग्यापाशी पोचला होता आणि मागून येणाऱ्यांना ओरडून सांगत होता, की डावीकडून या, उजवीकडे अंडी आहेत.