धरणवाल्यांचा चर



साहित्यविचाराच्या अभ्यासात 'भावनांचा निचरा' हा शब्दप्रयोग आपल्या वाचनात आला असेल. त्यातील 'निचरा' हा शब्द मुळात शेतातला. जादा पाणी जमिनीतून वाहून जाणे म्हणजे निचरा. काळ्या चिकण मातीत तो मंदपणे होतो. पाणी साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही, क्षार वर येतात आणि जमीन चिबड होते.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यात पाणी आणले. पाण्याबरोबर काही शिवारांत चिबडही आले. माझे आजोळ या लाभक्षेत्रातील, पाथरी तालुक्यातले. माझ्या शाळकरी वयात तेथे एक कुटुंब आले. त्यांचे गाव नाथसागरात बुडाले होते. त्याच धरणाच्या कालव्याचे पाणी पाझरून पडीक झालेले एक शेत त्यांनी बटईने घेतले. लेखी काहीच नव्हते.

नवरा, बायको आणि दोन मुले यांनी दोन उन्हाळे खपून शेतापासून ओढ्यापर्यंत कमरेएवढा खोल चर खणला. पावसाळ्यात धैंचा पेरून तो मातीत गाडला. आधी खारवट जमिनीत तग धरणारा पालक आला. मग वांगी, भेंडी. माळव्याची पाटी घेऊन ती बाई मानवतच्या बाजारात बसे.

जमीन सुधारली आणि मालकाने ती परत मागितली. सातबाऱ्यावर त्याचेच नाव होते. कुटुंब बिऱ्हाड उचलून निघून गेले.

गावाने त्यांना कधी आडनावाने ओळखले नाही. ते 'धरणवाले' होते. या प्रत्ययाकडे लक्ष द्या. दुकानवाले, भाजीवाले, घोडेवाले या शब्दांत '-वाले' हा मालकी किंवा व्यवसाय दाखवतो. येथे मात्र ज्याने त्यांचे सर्वस्व नेले, त्याच्याच नावाला तो लागला.

आज त्या शेतात मालकाच्या नातवांची भाजी पिकते. सातबाऱ्यावर त्या कुटुंबाची एक ओळही नाही. पण पावसाळ्यापूर्वी चरातील गाळ उपसावा लागतो आणि फावडे घेऊन निघालेला तरुण म्हणतो, "धरणवाल्यांच्या चराकडं चाललो." ते धरणवाले कोण, हे त्याला ठाऊक नसते. नोंदवहीने जे टिपले नाही, ते बोलीने अर्थ विसरूनही जपले आहे.

आपल्या शिवारातील शेतांची, बांधांची, चरांची, विहिरींची पाच नावे लिहून काढा. प्रत्येक नाव कोणाच्या श्रमावरून पडले, हे गावातील ज्येष्ठांना विचारा. हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नका. सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.