नऊ अंडी, दहा पिल्ले

आमच्या वाशी गावात सापाविषयी जितके बोलले जाते तितके सापाकडे पाहिले जात नाही, असे आमचे मत झाले आहे. धामण गोठ्यात शिरून म्हशीचे दूध पिते, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु सापाच्या तोंडाची ठेवणच अशी की त्यास सडाचे दूध ओढता येत नाही, हे सांगणारा मनुष्य विरळा.

गेल्या वैशाखात उकिरड्याचे खत उपसताना सालगड्याच्या खोऱ्यापुढे पांढरी, लांबट, एकमेकांस चिकटलेली अकरा अंडी आली. त्याने खोरे उगारले.

"मालक, नागाची असली तर? लेकरं हितंच खेळतेत."

"असू देत. अंडी काय उठून चावतेत का? थांब जरा," असे म्हणून आजोबांनी गावातील सर्पमित्रास बोलावणे धाडले.

ते काका आले. नुसत्या अंड्यावरून सापाची जात खात्रीने सांगता येत नाही, हे त्यांनी प्रथमच सांगून टाकले. मग प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूस शिसपेन्सिलीने खूण केली व तो पुंजका जसाच्या तसा ओलसर मातीच्या डब्यात ठेवला. खुणेचे कारण विचारता कळले ते असे: कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा उलटते, पण सापाच्या अंड्यातील गर्भ वरच्या बाजूस कवचाच्या आत चिकटून वाढतो, अंडे उलटे झाले तर तो मरण्याची भीती असते. आमच्या आजीने जन्मभर कोंबड्या खुडुक बसविल्या, पण हे ऐकून तीही थक्क झाली.

अमेरिकेत किंगस्नेक नावाचा बिनविषारी साप लोक हौसेने घरी पाळतात व त्याची वीणही करवितात. इतर साप, अगदी विषारी सुद्धा, हे त्याचे भक्ष्य. आपल्याकडे मात्र रानातला साप घरी बाळगणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून काकांनी वनविभागास कळविले आणि डबा आपल्याकडे नेला. आम्ही दर रविवारी जाऊन नुसते पाहत असू. सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. ते चामड्यासारखे असून ओल शोषून फुगते. दोन अंडी मात्र काळी पडून सुकली.

आषाढाच्या आरंभी पहिल्या अंड्यास चीर पडली. पिल्लाच्या ओठावर एक इवलासा दात असतो. त्याने ते कवच कापते व पुढे तो दात गळून पडतो. पिल्लू लगेच बाहेर येत नाही. डोके काढून दिवसभर जगाकडे पाहत बसते, चाहूल लागताच आत जाते. ती धामणीची पिल्ले आहेत, हे आता निश्चित झाले.

तिसऱ्या दिवशी एका अंड्यातून दोन डोकी बाहेर आलेली दिसली. "दुतोंडी साप निघाला!" ही आवई संध्याकाळच्या आत गावभर झाली. बिचाऱ्या मांडुळास, त्याची शेपटी तोंडासारखी बोथट म्हणून, लोक दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधनाच्या लोभाने त्याचा चोरटा व्यापार करतात. तसाच एक अनोळखी गृहस्थ मोटारसायकलीवरून येऊन भाव विचारू लागला. काकांनी त्यास दारातच उभे ठेवून वनरक्षकास फोन लावला, तेव्हा तो चालता झाला. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. अंडे फोडून पाहावे असे पुष्कळांनी सुचविले. काकांनी कोणास डब्याजवळ फिरकू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डोक्यांमागून दोन निराळी शरीरे बाहेर सरकली. जुळी! काकांनी उलगडा केला की, गर्भाचे आरंभीच दोन भाग पुरते वेगळे झाले तर जुळी होतात. वेगळे होणे अर्ध्यावर राहिले तर खरोखरीच दोन तोंडांचा साप जन्मतो. असे घोणशीचे पिल्लू २०२० साली कल्याणास सापडले होते. कोंबडीच्या जोडबलकी अंड्यात बलक दोन असतात, तरी जागेच्या अडचणीने त्यातून पिल्ले क्वचितच जगतात. येथे बलक एकच व वाटेकरी दोन. त्यामुळे इतर पिल्ले दीड वीत भरली, तर ही जेमतेम वीतभर. धाकटे तर इतके अशक्त की त्याची जीभही हलेना. ते वाचणार नाही, असेच आम्ही धरून चाललो.

आठवड्याने सर्वांनी पहिली कात टाकली. धाकट्याने दोन दिवस उशिरा, पण टाकली. मग वनरक्षकासमक्ष ओढ्याच्या बांधावर डबा उघडला. नऊ पिल्ले पाहता पाहता गवतात दिसेनाशी झाली. दहावे बराच वेळ हातभर अंतरावर पडून होते. आमचा गडी, जो वाटेभर लांबून चालत होता, तोच वाकून म्हणाला, "जाय बाबा, उंदरं लई झालेत." पावसाची सर आली तेव्हा ते दगडांच्या फटीत शिरले.