नावेस मोटर घेताना

बालाघाट जिल्ह्यातील लामता हे आमचे गाव. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आले आणि येथलेच झाले. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी ती छोटी गाडी आता राहिली नाही, तिच्या जागी रुंद मार्ग आला. परंतु वैनगंगा मात्र तशीच आहे. शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावून ती आमच्याकडे येते, आणि पुढे भंडारा, पवनीवरून जाऊन वर्धा नदीस मिळते व प्राणहिता होते. आमच्या गावाच्या बाजूस ढुटीचा जुना बंधारा आहे. त्यातून निघालेल्या कालव्यांवर या जिल्ह्यातील पुष्कळ भातशेती पिकते, आणि बंधाऱ्यामागे जे पाणी पसरते त्यावर काही घरांची चूल पेटते. त्यांपैकी एका घराची ही हकीकत आहे.

आमच्या शेजारी राहणारे भाऊ हे जातीचे ढीमर, माझ्याहून पाच वर्षांनी वडील. आमची बोली हिंदी, मराठी आणि पोवारी यांची मिसळ आहे; तिच्यात ते मला ‘गुरुजी’ म्हणतात आणि मी त्यांस ‘भाऊ’ म्हणतो. चाळीस वर्षे त्यांनी वल्हे मारले. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले की, वल्हे यापुढे बंद. नागपुरास नोकरी करणाऱ्या मुलाने निरोप धाडला, “बाबा, आता नाव विकून टाका, माझ्याकडे या.” भाऊंनी तो निरोप ऐकला आणि दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले व म्हणाले, “गुरुजी, हात गेला म्हणून नदी सोडायची काय?”

मुलगा मनाने चांगला. बापाची इच्छा पाहून त्याने नावेला विजेची मोटर घेण्यासाठी पैसे देऊ केले. या मोटरीस इंग्रजीत ‘ट्रोलिंग मोटर’ म्हणतात. ट्रोलिंग म्हणजे नाव अगदी हळू चालवीत मागे गळ ओढणे. त्या सावकाश कामासाठी ही मोटर निघाली, म्हणून ते नाव पडले. एका दांड्याच्या खालच्या टोकास पाण्यात बुडणारी मोटर व पंखा, वरच्या टोकास मूठ, आणि नावेस अडकविण्यासाठी शिकंजा, एवढाच तिचा सरंजाम. कल्पना नवी नाही. पॅरिसला सेन नदीवर गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली विजेवर होडी चालवून दाखविली होती. पुढे १९३४ साली अमेरिकेतील फार्गो येथे ओ. जी. श्मिट या गृहस्थाने फोर्ड गाडीच्या स्टार्टर मोटरीपासून अशी लहान मोटर बनविली. पेट्रोलच्या इंजिनासारखा हिला आवाज नाही, धूर नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंग नाही.

मुलाने पहिल्यानेच जी मोटर पसंत केली ती ८० पौंडी होती. “घ्यायचीच तर मोठी घ्यावी,” हे त्याचे म्हणणे. आपण सर्वच बाजारात असे वागतो. परंतु भाऊंनी मला विचारले, “पौंड म्हणजे काय? मोटरीचे वजन?” या प्रश्नाने आमचा अभ्यास सुरू झाला.

पौंड हा मोटरीच्या रेट्याचा आकडा आहे. एक पौंड रेटा म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम वजनाइतका ढकलण्याचा जोर. जाणकारांचा ढोबळ ठोकताळा असा की, भरलेल्या नावेच्या दर ४५ किलोंमागे २ पौंड रेटा हवा. मग आम्ही धान्याच्या काट्यावर एकेक वस्तू नेऊन तोलली. बारा फुटी फळ्यांची नाव १४० किलो, भाऊ आणि त्यांचा पुतण्या मिळून १२०, जाळी व पेटी २०, बऱ्या दिवसाची मासळी ३०, बॅटरी ३०, मोटर १०. एकूण ३५० किलो झाले. त्या हिशेबाने संथ पाण्यास १६ पौंड पुरे. समोरचा वारा आणि थोडा ओढ धरून आम्ही ते दुप्पट केले, आणि ४० पौंडी मोटर ठरविली.

मुलास हे पटेना. तेव्हा त्यास समजावून सांगावे लागले की, रेटा दुप्पट केला म्हणून वेग दुप्पट होत नाही. या मोटरींचा पंखा सावकाश ढकलण्यासाठी घडविलेला असतो; लहान नाव तिच्यावर ताशी पाच-सहा किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. जादा रेटा जड नावेस किंवा वाऱ्यात उपयोगी, हलक्या नावेस तो भारच. शिवाय ८० पौंडी मोटरीस २४ व्होल्ट लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. त्या दोन बॅटऱ्या उचलून घाटापर्यंत नेणार कोण? ज्याचा खांदा गेला तो?

दांड्याची लांबीही पाहावी लागते. पंखा पाण्याखाली सुमारे वीतभर राहिला पाहिजे. तो वर आला तर हवा घुसळतो, फार खाली गेला तर उन्हाळ्यात डोहांमधल्या खडकांवर आपटतो. भाऊंच्या बुटक्या नावेस ३० इंची दांडा पुरेसा झाला. आमच्याकडील डोंग्याची दोन्ही टोके निमुळती असतात, त्यांस शिकंजा बसत नाही. भाऊंच्या नावेची मागची बाजू सपाट होती तरी तेथली फळी जुनी होती. सुताराकडून तेथे सागवानी जाड फळी बोल्टांनी पक्की करून घेतली. समुद्रकाठच्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, गोड्या पाण्याची मोटर खाऱ्या पाण्यात लवकर गंजते. खाऱ्यासाठी वेगळ्या लेपाची व जस्ताचा तुकडा बसविलेली मोटर मिळते, तीच घ्यावी.

येथवर सारे नीट झाले. पुढची चूक माझी.

मोटरीतच बरेच पैसे गेले होते. म्हणून मी म्हटले, “भाऊ, माझ्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून आहे, तूर्त तीच लावा.” मला वाटले मी उपकार करीत आहे. पहिले चार दिवस भाऊ जवळच फिरले, काही बिघडले नाही. पाचव्या दिवशी दुपारी ते एकटेच पलीकडच्या काठास गेले. संध्याकाळी परतीस निघाले तो वारा समोरून आला. त्यांनी मोटर पूर्ण वेगात सोडली, आणि ती अर्ध्या पाण्यात थांबली. दिवस मावळला. येथे वहिनी घाटावर कंदील घेऊन उभ्या, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले. पुतण्या दुसरी नाव काढीत होता, इतक्यात अंधारातून बांबूचा आवाज आला. भाऊ डाव्या हाताने बांबू रेटीत, काठाकाठाने दीड तासाने पोहोचले होते. त्यांचा खांदा त्यानंतर महिनाभर दुखत होता.

तेव्हा मी जे आधी वाचावयास हवे होते ते नंतर वाचले. ट्रॅक्टरची बॅटरी ही इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा झटका देणारी असते. तिचे पत्रे पातळ असतात आणि तासन् तास थोडी थोडी वीज काढल्याने ती लवकर खराब होते. मोटरीस ‘डीप सायकल’ जातीची, जाड पत्र्यांची बॅटरी लागते. तिच्यातूनही निम्म्याहून अधिक वीज काढू नये. काढल्यास तिचे आयुष्य घटते. १२ व्होल्टच्या मोटरीस पूर्ण वेगात एका पौंडामागे जवळजवळ एक अँपिअर लागतो. म्हणजे भाऊंची ४० पौंडी मोटर पूर्ण वेगात सुमारे ४० अँपिअर ओढणार. १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर निम्मे म्हणजे ५०. सव्वा तासात ते संपले, आणि जोराने ओढल्यास त्याहूनही लवकर. तीच मोटर मधल्या वेगात १५ अँपिअरच्या आसपास घेते, म्हणून तीन तास पुरते. नाव मात्र फारशी मागे पडत नाही. पुरातन वल्हेकऱ्यास हे सांगावे लागत नाही. जोराने वल्हविणारा लवकर दमतो हे त्यास ठाऊकच असते.

नवी बॅटरी आली, तिच्याजवळ तारेत फ्यूज बसविला, तार जाड घेतली. शिशाची बॅटरी भारताना वायू सुटतो, म्हणून ती बंद खोलीत नव्हे, पडवीत भारली जाते. लिथियमची बॅटरी याच्या निम्म्याहूनही कमी वजनाची मिळते. किंमत जड पडली म्हणून ती घेतली नाही. दर आठवड्यास पुतण्या पंखा काढून पाहतो. जाळ्याचा धागा दांड्यात गुरफटला तर आतली सील कापतो आणि पाणी शिरते. आणि जाळ्याजवळ जाताच मोटर वर उचलावयाची, हा नियम झाला.

परंतु सर्वांत मोठा नियम वहिनींनी घातला. लिहिणे-वाचणे त्यांस फारसे येत नाही, तरी बॅटरीवर लावलेल्या व्होल्टमीटरचे आकडे त्या ओळखतात. रात्रभर भारून, जरा वेळ ठेवल्यावर तो १२.७ दाखवितो, १२.२ च्या आसपास आला की निम्मी वीज गेली. भाऊ निघताना त्या म्हणतात, “जाण्याचा हिशेब तुम्ही ठेवा. येण्याचा मी ठेवते. अर्धी माझी.” आणि वल्हे व बांबू नावेत ठेवल्याखेरीज त्या दोर सोडू देत नाहीत.

मध्यप्रदेशात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोटर पुसून आढ्याला टांगलेली असते आणि बॅटरी दर महिन्यास भारून ठेवली जाते. बंदी उठल्यावरही पाण्यास ओढ असेतो भाऊ घाटावरच बसतात, कारण पुराच्या पाण्यापुढे ४० पौंड काय आणि ८० पौंड काय, दोन्ही सारखेच. गतवर्षी दिवाळीस मुलगा आला होता. पहाटे बापाबरोबर नावेत बसून गेला. आवाज नसल्यामुळे बगळे उडाले नाहीत, असे तो परतल्यावर आश्चर्याने सांगत होता. नाव विकण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी नावेस मोटर घेणार असेल तर दुकानात जाण्यापूर्वी आपली नाव तोलावी, आपले पाणी पाहावे, आणि परतीची वाट मोजावी. मोटर किती जोराने नेईल हे विक्रेता सांगेल. ती परत आणील की नाही, हे घरच्यांनीच पाहावयाचे असते. माझ्या ट्रॅक्टरची ती बॅटरी अजून ओसरीच्या कोपऱ्यात आहे. मी ती मुद्दामच टाकून दिलेली नाही.