लाईट आली का?

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात सकाळी दोन माणसं भेटली की राम राम झाल्यावर दुसरं बोलणं बहुधा ठरलेलं असतं. "तात्या, लाईट हाय का?" "हाय की, पण शिंगल फेज." एवढ्यावर दोघांचा दिवसाचा बेत ठरतो. सिंगल फेज असली की घरातला पंखा फिरणार, मोबाईल चार्ज होणार. विहिरीवरची मोटार मात्र बंद, म्हणजे आज हरभऱ्याला पाणी नाही. विचारणाऱ्याला उजेडाशी काही देणंघेणं नसतं. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तो लाईट विचारत असतो. आमच्याकडं या शब्दाचा पहिला अर्थ पाणी आहे.

मराठीत 'वीज' हा चांगला, नेमका शब्द असताना खेड्यांनी तो या कामासाठी का घेतला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बिलावर वीज असते, सरकारी फलकावर वीज असते. गावात वीज म्हणजे आभाळातली. चैत्र-वैशाखात अवकाळीचं आभाळ दाटतं, वारा सुटतो आणि लिंबाखाली बांधलेली बैलजोडी जागच्या जागी आडवी होते. 'वीज पडली' हे शब्द आवाज खाली आणूनच बोलले जातात. तिचं नाव घरात आणून खोलीच्या छताला टांगणं कुणाला रुचलं नसावं. दिवा हा शब्दही मोकळा नव्हता. दिवा देवापुढचा. तो विझला असं तोंडातून काढायचं नाही; दिवा शांत झाला म्हणायचं. अशा शब्दाला दिवसातून चारदा 'गेला' कसं म्हणणार? लाईटला तसं काही सोवळं नव्हतं. ती परकी होती, म्हणून तिच्यावर रागावता आलं. ती येते, जाते, लपंडाव खेळते, ऐन परीक्षेत दगा देते. मराठीनं तिला बाईमाणूस करून घेतलं आणि मग तिच्याशी भांडायचा हक्कही घेतला.

दिव्याची ती वेगळी जागा बघायची तर नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या रस्त्यावर जावं. घटस्थापनेच्या आधीच्या दिवसांत गावोगावची पोरं आई तुळजाभवानीची ज्योत न्यायला आलेली असतात. अंगात एकसारखे बनियन, पाय अनवाणी, पाळीपाळीनं एकजण ज्योत घेऊन पळतो आणि बाकीचे मागून. कुणी शेजारच्या तालुक्यातले, कुणी थेट कर्नाटकातले. रस्त्याकडेची गावं त्यांना चहा देतात, केळी देतात. मागं टेम्पो असतो. त्यावर जनरेटर, रंगीबेरंगी लायटिंग, कर्णे. टेम्पोवरची ती लाईट बंद पडली तर पोरं हसतात, कुणीतरी वायर हलवून बघतं. ज्योतीत तेल घालणाऱ्याचं लक्ष मात्र क्षणभरही ढळत नाही. आराध्यांच्या हातातला पोत, गोंधळातली दिवटी, ही ज्योत. यांतल्या कशालाही मी आजवर कुणाच्या तोंडून लाईट म्हटलेलं ऐकलं नाही.

लाईटचे बाकीचे संसार मात्र मोठे आहेत. लाईटबिल, लाईटचा खांब, मांडवातला लाईटवाला. तापातून उठलेल्याला डॉक्टर लाईट जेवायला सांगतात. कापडाच्या दुकानात काकू लाईट मोरपंखी रंग मागतात. कुणी काही मनाला लावून घेतलं की कॉलेजातली पोरं त्याला 'लाईट घे' म्हणतात. इंग्रजीत उजेडाचा लाईट आणि हलकेपणाचा लाईट हे मुळात दोन निराळे शब्द. वेगवेगळ्या धातूंपासून निघाले आणि उच्चारात एक झाले. जर्मन भाषेत ते आजही लिख्ट आणि लाइख्ट असे वेगळे राहिले आहेत. आमच्या जिल्ह्यात ते दोन वाटांनी आले, आणि हलका लाईट उजेडाच्या कितीतरी आधी पोचला. तो रुळावरून आला.

ती बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेली अडीच फूट रुंदीची नॅरोगेज. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढं ती इंग्रजांचा मुलूख ओलांडून निजामाच्या राज्यात शिरली आणि येडशी, तडवळे, ढोकी करत लातूरला गेली. दुसऱ्या अंगानं पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत. कॅलथ्रॉपचं सगळं गणित हलकेपणाचं होतं. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की मालाचा डबा. भार सारखा वाटला की हलके रूळ चालतात, हलके रूळ चालले की खर्च उतरतो, आणि खर्च उतरला की ज्या मुलखाकडं मोठी रेल्वे ढुंकूनही बघणार नाही तिथंही गाडी जाते. आमच्यासारख्या कोरड्या, कमी उत्पन्नाच्या मुलखाला रेल्वे मिळाली ती या हिशेबामुळं. म्हणून मला हा माणूस जवळचा वाटतो. याच कॅलथ्रॉपनं पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. माणूस जड होऊन खाली येऊ नये, याचाच ध्यास त्याला शेवटपर्यंत लागलेला दिसतो.

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारकडं आली, तरी म्हातारी माणसं 'बार्शी लाईटनं पंढरीला गेलो' असंच सांगत राहिली. गाडीच्या नावातल्या लाईटचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही. २००७-०८ मध्ये लातूरकडची वाट ब्रॉडगेज झाली, वळण घेऊन धाराशिव शहरातून गेली आणि त्या लाईटचं नाव गाडीवरून उतरलं.

तारेवरून आलेली लाईट निराळी. १९६० साली राज्याचं विद्युत मंडळ झालं आणि पुढच्या काळात खांब खेड्यांकडं निघाले. २००५ मध्ये त्या मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण गावात आजही 'एमएसईबी'च म्हणतात. लाईटबरोबर एक आख्खी बोली शिवारात आली. ट्रान्सफॉर्मरला डीपी, तारेवर टाकलेल्या चोरट्या जोडणीला आकडा, लाईट आली की मोटार आपोआप चालू करणाऱ्या खटक्याला ऑटो. या ऑटोची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो लावून झोपतो. लाईट येते आणि एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार चालत्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. तो सगळा झटका एकदम बसतो आणि डीपी जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टरची ट्रॉली, चकरा, आणि तोवर फुलोऱ्यात आलेला हरभरा माना टाकतो. दोष कुणा एकाचा नसतो. भरवसा नसला की सगळेच एकदम घाई करतात.

शेतीच्या थ्री फेज लाईटला पाळी असते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीत दारं धरणं काय असतं, ते दिवसा कागदावर वेळापत्रक मांडणाऱ्यानं एकदा तरी बघावं. माघातली थंडी. पत्र्याच्या शेडात घोंगडी पांघरून माणूस बसलेला, नजर स्टार्टरच्या पेटीवर. पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन बारके दिवे. तिन्ही लागले तर तिन्ही फेज आल्या. मध्यरात्र उलटल्यावर ते लागतात. मोटार घुमते, पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग धार. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. एका वाफ्याचं दारं फोडायचं, भरला की मातीनं बंद करून पुढचं फोडायचं. पाणी शिरलं की बिळातले जीव बाहेर निघतात. मण्यार रात्रीच हिंडते आणि काळ्या ओल्या रानात ती दिसत नाही. बॅटरीचा गोल झोत दोन पावलं दाखवतो, तिसरं पाऊल नशिबावर. घरी जी जागी असते तिला लांबून मोटारीचा आवाज येत असतो. तो चालू आहे तोवर आपलं माणूस उभं आहे, एवढंच तिला कळतं. ज्या घरात कर्ता पुरुष उरला नाही, आणि या जिल्ह्यात अशी घरं फार आहेत, तिथं खोरं तिलाच उचलावं लागतं.

अलीकडं शिवारात काळ्या पाट्या दिसू लागल्यात. शेतीच्या फीडरला सूर्यावरची वीज देणारी सरकारी योजना २०१७ ची, मागेल त्याला सौर पंप देणारी २०२४ ची. बोलण्यात लगेच दोन तट पडलेत: लाईटवरची मोटार आणि सोलरवरची मोटार. लाईटवरची म्हटलं की रात्र, सोलरवरची म्हटलं की दिवस. उजेडाचा शब्द अंधाराकडं गेला, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. ज्यानं जितकं जागवलं तितकं त्याच्या नावावर लागतं.

सोलर घेतलेली बाई सकाळी दहाला, डोक्याला पदर गुंडाळून, कुणाला सोबतीला न बोलावता गव्हाला पाणी देताना दिसते तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. श्रावणात मात्र तिची पंचाईत होते. पावसाचा खंड पडतो, आभाळ भरलेलं पण थेंब नाही; सोयाबीनला शेंगा धरायच्या असतात आणि ढगाखाली पाट्या जेमतेम धार देतात. तेव्हा ती बांधावरून शेजारच्या लाईटवाल्या आण्णांना हाक मारते. आण्णा आपल्या बोअरचा पाइप तासभर तिच्या रानाकडं वळवतात, आणि उन्हाळ्यात त्यांची डीपी जळाली की तिच्या सोलरचं पाणी त्यांच्या उसाला जातं.