ताळमेळ

फरक ९१७ रुपये ७० पैशांचा होता. रोकडवहीत शिल्लक जास्त, पासबुकात कमी. समोरचे ग्रामसेवक सकाळपासून तिसऱ्यांदा बेरीज मारत होते. त्यांच्याकडे दोन गावे, एक हक्काचे आणि एक अतिरिक्त प्रभाराचे. २०२० ची दिवाळी होऊन गेलेली, घरचे धान कापणीला आलेले, तोंडावर मास्क आणि डोळ्यांत धास्ती, की हे आता आपल्याच खिशातून भरावे लागणार.

म्हटले, "आधी सतरा रुपये सत्तर पैसे बाजूला काढा."

"ते काहाचे जी?"

"एसएमएसचे. बँक तिमाहीला पंधरा रुपये कापते, वर अठरा टक्के जीएसटी. पासबुकात बघा, बारीक अक्षरांत असेल."

होते. उरले नऊशे. नऊशेला नऊने भाग जातो, आणि आमच्या धंद्यात फरकाला नऊने भाग गेला की माणसावर संशय घेण्याआधी अंकांवर घ्यायचा. शेजारचे दोन अंक उलटेपालटे लिहिले गेले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातलाच पडतो. प्रमाणकांची फाइल काढली. हातपंप दुरुस्तीचे देयक ५,४९० रुपयांचे, धनादेश ५,४९० चा, बँकेतून गेले ५,४९०. रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, लिहिले होते ४,५९०. ग्रामसेवकांनी मास्क खाली ओढला, पाणी प्यायले आणि लाल पेनाने दुरुस्ती करून खाली सही केली. चौदा मिनिटांचे काम. त्यांची त्याआधीची दोन रात्रींची झोप गेली होती.

जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातल्या नोकरीत मी जे काही केले, ते एका शब्दात सांगायचे तर हेच. मराठीत या कामाला ताळमेळ म्हणतात. गंमत अशी की कार्यालयीन भाषेत खात्याखात्यांत जुळवून घेण्यालाही ताळमेळच म्हणतात. मला मिळालेल्या आदेशात मात्र 'समन्वयक' असा भारदस्त शब्द होता. ग्रामपंचायतींचे हिशेब वहीतून संगणकावर आणि धनादेश ऑनलाइन पेमेंटवर न्यायचे. जिल्हा परिषद, पंचायत समित्या, बँका आणि गावे यांच्यात समन्वय ठेवायचा. आठ तालुके, साडेपाचशेच्या आसपास ग्रामपंचायती. गोंदिया शहरातल्या राइस मिलपासून सालेकसा-देवरीच्या जंगलातल्या पाड्यापर्यंत.

वित्तीय सुधारणा म्हटले की लोकांना मंत्रालय, अर्थसंकल्प, फार तर दिल्ली दिसते. आमच्याकडे ती पासबुकाच्या रूपाने येते, आणि आली की आधीच्या सुधारणेच्या डोक्यावर बसते. २०११ ची ग्रामपंचायतींची लेखासंहिता आली आणि नमुना १ ते ३३ ठरले. ते अंगवळणी पडेपर्यंत प्रियासॉफ्ट या संगणक प्रणालीत नोंदी सुरू झालेल्या. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला, 'आमचा गाव, आमचा विकास' म्हणत आराखडे झाले. २४ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत, ई-ग्रामस्वराज हे पोर्टल आले. पंधराव्या आयोगात निधीला बंधित-अबंधित अशी दावण लागली: पहिल्या वर्षी निम्मा, पुढच्या वर्षापासून साठ टक्के फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. प्रत्येक वेळी वरून एकच प्रश्न: शंभर टक्के झाले का? जुने बंद करा, असे मात्र कुणी म्हणत नाही. त्यामुळे आमचा ग्रामसेवक एकच खर्च वहीतही लिहितो आणि संगणकावरही. दोन्हीकडे लिहिले की दोन्हींत फरक पडायची सोय झालीच.

आमचा जिल्हाच मुळात एका वाटणीतून जन्मला. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. माझ्या सुरुवातीच्या काळात लेखापरीक्षणातला जुना आक्षेप निकाली काढायला फाइल उघडावी, तर वर शिक्का भंडाऱ्याचा. त्याआधीचे कागद धुंडाळावेत तर त्यावर मध्य प्रदेश, कारण १९५६ पर्यंत आम्ही त्या राज्यात होतो. राज्य बदलले, जिल्हा बदलला; सुरुवातीची शिल्लक मात्र कुणीतरी कुणाकडून तरी घेऊन पुढे ओढलीच. त्या शिलकीवर माझा कधीच पूर्ण विश्वास बसला नाही, आणि नव्या प्रणालीत पहिल्यांदा भरायची असते नेमकी तीच.

आणि ही नवी प्रणाली गावोगावी नेतानाच मी माझी मोठी चूक केली.

पहिले वर्ष मी तक्त्यावर काढले. एकूण ग्रामपंचायती, डिजिटल सही नोंदवलेल्या, ऑनलाइन पेमेंट सुरू झालेल्या, शेरा. दर सोमवारी व्हिडिओ कॉन्फरन्स. स्क्रीनवर तालुके चौकोनांत बसलेले, कुणाचा माइक बंद, कुणाच्या मागे कोंबडा. मी रागावलो की पुढच्या सोमवारी आकडा वाढायचा. चार महिन्यांत तक्ता शंभरवर गेला. माझे कौतुकही झाले, तेव्हा मी ते नाकारले नाही.

मग डोंगराकडच्या एका गावात काही दुसऱ्याच कामाने गेलो. चौकातल्या दुकानदाराने चहा पाजला आणि हळूच विचारले, "ब्लिचिंग पावडरचे पैसे कवा भेटन जी? चार महिने झाले." ग्रामपंचायतीत जाऊन पाहिले तर गावाने ऑनलाइन पेमेंट 'सुरू' केले होते हे खरे. एकच बिल, तेही किरकोळ, पोर्टलवर आपले नाव हिरवे व्हावे म्हणून. त्यानंतर सरपंचांच्या डिजिटल सहीची मुदत संपली. नवी काढायला तालुक्याला दोन चकरा झाल्या, तिसरीला नेटवर्क नव्हते. धनादेश द्यायला बंदी, ऑनलाइन होत नाही. गावाच्या खात्यात पैसा आणि दुकानदाराची उधारी, दोन्ही जिथल्या तिथे. माझ्या तक्त्यात त्या गावापुढे टिकमार्क होती. ती मीच मागून घेतली होती. खोटे त्यांनी लिहिले, पण विचारायची रीत माझी होती.

त्यानंतर सोमवारचा तक्ता मी बंद केला नाही, तेवढी माझी सत्ता नव्हती. त्यातला एक रकाना मात्र बदलला. 'सुरू आहे का' याऐवजी 'शेवटचे पेमेंट कोणत्या तारखेला झाले'. आकडे लगेच शंभरावरून खाली आले आणि वरून विचारणा झाली. ती झेलण्यातच समन्वयकाचे अर्धे काम असते, हे आदेशात लिहिलेले नसते. उरलेले अर्धे काम पंचायत समितीच्या सभागृहात. दहा-दहा ग्रामसेवक, समोर पासबुक, नमुना ५ आणि एक कॅल्क्युलेटर. भाषण नाही, पीपीटी नाही. फरक काढा, कारण लिहा, सही करा, उठा.

पुण्याला 'यशदा'त एका प्रशिक्षणात अ‍ॅलन शिक हे नाव ऐकले होते. सरकारी अंदाजपत्रकांचे अमेरिकी अभ्यासक. १९९८ मध्ये त्यांनी जागतिक बँकेच्या नियतकालिकात लेख लिहून बजावले की न्यूझीलंडने ज्या सुधारणा केल्या, त्या बहुतेक विकसनशील देशांनी उचलू नयेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जिथे लिहिलेला नियम एक आणि चालणारा व्यवहार दुसरा, तिथे अधिकाऱ्याला फलनिष्पत्तीच्या नावाखाली मोकळीक देण्याआधी साधा जमाखर्च नियमाने आणि खरा लिहिला जाऊ द्या. वर्गात आम्ही जांभया देत ऐकले. ब्लिचिंग पावडरवाल्याच्या दुकानात ते मला नीट समजले.

आता बोडीची गोष्ट. आमच्या भागात शेताच्या वरच्या अंगाला शेतकऱ्याची स्वतःची बोडी असते, छोटे तळे. आणि गावाचा मोठा तलाव असतो, मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने बांधलेले कितीतरी तलाव आजही धानाला पाणी देतात. मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले ती तारीख ३१ मार्च १९५१. आम्हा लेखावाल्यांना ती तारीख वाचून उगाच हसू येते. मार्च एंडिंगच्या दिवशीच सरकारने हजारो तलाव खर्ची न टाकता जमेला घेतले. पुढे दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, यावरून जी टोलवाटोलवी झाली ती वेगळीच.

केंद्राच्या योजनांचा पैसाही पूर्वी बोड्याबोड्यांत साठलेला असायचा. प्रत्येक शाळा, प्रत्येक समिती, प्रत्येक कार्यालय यांचे वेगळे खाते, त्यात थोडी थोडी शिल्लक. वरचे म्हणत पैसा दिला, खालचे म्हणत वापरतोय, आणि मधल्या काळात तो बँकेत पडून. १ जुलै २०२१ पासून ठरले की राज्यात प्रत्येक योजनेचे एकच नोडल खाते, बाकी सगळी शून्य शिलकीची. सगळे पाणी एका तलावात, खाली फक्त पाट. गरज पडली की तेवढेच गेट उचलायचे. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरच होते, मी आजही तसेच म्हणेन. पडून राहिलेल्या पैशावर सरकार दुसरीकडे व्याज भरत असते.

पण बोडी शेतकऱ्याला दिसते. पाळीवर उभे राहिले की कळते, अजून एक पाणी निघेल की नाही. नव्या व्यवस्थेत मुख्याध्यापकांना शिल्लक दिसेना, दिसू लागली ती 'लिमिट', म्हणजे खर्चाची मर्यादा. तेव्हापासून फोनवर नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, "सर, लिमिट आलं का?" आले तर कधी संपेल याचा भरवसा नसे, म्हणून गरज असो नसो, आले की आधी खर्च. पाट सुटला की सगळ्यांनीच बांध फोडायचे, तसे.

जुनी खाती बंद करतानाचा एक प्रसंग. देवरीकडचे एक मुख्याध्यापक शाळेच्या खात्यातले ३८ रुपये व्याज परत करायला आले होते. मूळ रक्कम आधीच भरलेली, व्याज नंतर जमा झालेले. बँकेने डिमांड ड्राफ्ट काढायला सांगितले, आणि ड्राफ्टचे कमिशन व्याजापेक्षा जास्त. कमिशन कोणत्या शीर्षात टाकायचे, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारी उत्तर मला माहीत नव्हते. दोन दिवसांनी आणखी सहा शाळांचे असेच व्याज गोळा केले आणि एकत्र भरणा करून घेतला. परिपत्रकात तशी सोय होती का, कुणी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

सगळ्यात नाजूक काम सहीचे. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोन सह्या, हा जुना शहाणपणा. एक चुकला तर दुसऱ्याने अडवावे. ऑनलाइनमध्ये त्याचीच नक्कल केली: एकाने बिल भरायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे, दोघांच्या डिजिटल सहीची दोन डोंगल. कागदावर चोख. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या एकाच ड्रॉवरमध्ये, पिन मागच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेला. परिचालक बिचारा प्रामाणिक पोरगा असतो, कमी मानधनात राबतो. पण गावाच्या तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे, आणि अडकलाच तर जबाबदारी दुसऱ्या दोघांची. हे मी पाहिले आहे, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाहूनही गप्प बसलो आहे.

एका बैठकीत मागच्या रांगेतून एक सरपंच बाई उठल्या. चाळिशीच्या असतील, धानाच्या बांध्यातून थेट आल्यासारख्या. म्हणाल्या, "सायेब, सही माही, तं मेसेज त्यायच्या मोबाइलवर काऊन जाते जी?" 'ते' म्हणजे यजमान, शेजारीच बसलेले. सभागृह हसले. यजमान हसले नाहीत. नोंदणी करताना घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो त्यांचा, एवढी साधी गोष्ट. नंबर बदलायला पुन्हा अर्ज, पुन्हा ओळखपत्र, पुन्हा तालुक्याची चकर. बाई म्हणाल्या, येतो. आठवड्याने आल्या, स्वतःचा साधा बटनाचा फोन घेऊन. ओटीपीला तो पुरतो. पहिल्या पेमेंटचा मेसेज आला तेव्हा त्यांनी परिचालकाला मोठ्याने वाचायला लावला, आणि मग विचारले, "हे रक्कम ठरावात किती होती?" ठरावाचे पुस्तक शोधून, ते पान उघडून रक्कम दाखवेपर्यंत त्यांनी पुढचे काम होऊ दिले नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीत नियंत्रण प्रणाली इतकी नीट चाललेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

मी निवृत्त झालो. माझ्या जागेवर आलेली मुलगी माझ्यापेक्षा चांगले संगणक जाणते. तिला मी फक्त नऊचा पाढा सांगितला.

तुम्हालाही सांगून ठेवतो. ई-ग्रामस्वराजवर तुमच्या गावाचा आराखडा आणि झालेला खर्च कुणालाही पाहता येतो, त्याला लॉगिन लागत नाही. पुढच्या ग्रामसभेला जाताना तो पाहून जा आणि नमुना ५ व पासबुक दाखवायला सांगा. फरक सतरा रुपये सत्तर पैशांचा निघाला तर तो बहुधा बँकेने कापलेला असेल. नऊने भाग गेला तर गावाचा हिशेब लिहिणाऱ्याला चहा पाजा आणि दोघे मिळून उलटलेला आकडा शोधा. नाहीच गेला, तर खाली बसू नका.