क्रियापदाचा सोबती

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा संमेलने, सत्कार यांच्याआधी आम्हांस एक चिमुकला इंग्रजी शब्द आठवला : 'फ्रॉम'.

या वसतिगृहातून दहावी उत्तीर्ण होऊन आम्ही शहरातील महाविद्यालयात गेलो, त्यास आता ३५ वर्षे होऊन गेली. पहिल्याच वर्षी आम्हां सहा मुलांची शिष्यवृत्ती अडली. खानावळीचे पैसे थकले. मराठीतील दोन अर्ज निरुत्तर राहिले, म्हणून तिसरा इंग्रजीत लिहिला. इंग्रजीला वजन असते, अशी आमची समजूत होती. 'शिष्यवृत्तीपासून वंचित' हे शब्द मनात तयारच होते. 'पासून' म्हणजे 'फ्रॉम'. 'वी आर डिप्राइव्ह्ड फ्रॉम स्कॉलरशिप' असे लिहून सहाही जणांनी सह्या केल्या. कार्यालयातील गृहस्थांनी ते वाक्य मोठ्याने वाचले, 'फ्रॉम'भोवती लाल वर्तुळ काढले आणि "आधी इंग्रजी शिका, मग शिष्यवृत्ती मागा" असे म्हणून अर्ज परत केला. भोवतालचे हसले. शिष्यवृत्तीचा विषय निघालाच नाही.

त्या रात्री खोलीवर संविधानाची इंग्रजी प्रत उघडली. अनुच्छेद २१ मध्ये जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याविषयी सांगताना 'डिप्राइव्ह्ड'पुढे 'ऑफ' योजलेला दिसला. दुसऱ्या दिवशी तो घालून चौथा अर्ज दिला. तो आवक नोंदवहीत चढला. पैसे मिळण्यास आणखी दोन महिने लागले. ते एका अव्ययामुळे मिळाले, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण नाकारणाऱ्याच्या हातातले एक निमित्त मात्र गेले.

पुढे इतिहासात एम. ए. करून आम्ही याच शाळेत शिक्षक झालो. इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास आमच्याकडे येई. वह्या तपासताना ध्यानात आले की, मुले अडाणीपणाने चुकत नाहीत. ती मराठीच्या वाटेने नीट चालत असतात. 'त्याला विचारले' म्हणून 'आस्क टू हिम', 'तिच्याशी लग्न केले' म्हणून 'मॅरी विथ हर', 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस ऑन'. इंग्रजीत या तिन्ही क्रियापदांना मध्ये काहीच लागत नाही. उलट 'गाणे ऐकतो' यात आपल्याला प्रत्यय लागत नाही, पण 'लिसन'ला 'टू' हवाच.

'ऑफ'ची कथा तर इतिहासाच्या विद्यार्थ्यास मोह घालणारी आहे. एका 'एफ'चा 'ऑफ' आणि दोन 'एफ'चा 'ऑफ' हे मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पासून, दूर' असा होता. तो अर्थ आजही 'डिप्राइव्ह ऑफ', 'रॉब ऑफ', 'क्युअर ऑफ' यांत शिल्लक आहे. म्हणजे आमच्या मनातला 'पासून' खोटा नव्हता. इंग्रजीने त्या जागी ठेवलेला शब्द तेवढा आम्हांस ठाऊक नव्हता.

याचे उदाहरण आपल्या रोजच्या वंदनेतही आहे. त्रिसरणात पाली भाषा 'बुद्ध' शब्दाला द्वितीया लावते. मराठीत आपण बुद्धाला शरण जातो. इंग्रजीत 'टेक रेफ्यूज'पुढे 'इन' येते. शरण तेच, भाव तोच. प्रत्येक भाषेची रीत निराळी. तिच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. मात्र ज्या भाषेत बोलायचे, तिची रीत शिकावी लागते.

कधी या लहान शब्दावर सारा अर्थ फिरतो. एकदा नववीतील एका मुलीने विचारले, "सर, आपण भेदभाव नुसता करतो, मग 'डिस्क्रिमिनेट'पुढे 'अगेन्स्ट' कशाला?" आम्ही अनुच्छेद १५ काढून दाखविला. 'बिट्वीन' आले तर दोन गोष्टींत फरक करणे. तो तांदूळ आणि खडे यांतही करावा लागतो. 'अगेन्स्ट' आले की तो भेद कोणाच्या तरी विरोधात, त्याच्या हानीसाठी असतो. त्या एका शब्दाने ज्याचे नुकसान झाले, तो माणूस वाक्यात उभा राहतो. मुलगी म्हणाली, "म्हणजे हा शब्द विसरून चालणार नाही."

म्हणून आम्ही मुलांना सुटी अव्यये पाठ करावयास सांगत नाही. क्रियापद त्याच्या सोबत्यासह, पूर्ण वाक्यात वहीत उतरवावे, मोठ्याने वाचावे आणि आपल्या गरजेच्या अर्जात वापरावे, एवढीच आमची पद्धत. 'एन्टायटल्ड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' ही जोडपी आमच्या मुलांना आधी लागतात.

लाल वर्तुळाचा तो अर्ज आम्ही जपून ठेवला आहे. दरवर्षी तो वर्गात फिरवितो. मुले तत्काळ 'फ्रॉम'वर बोट ठेवतात. मग आम्ही विचारतो, "बरोबर. पण या सहा मुलांनी मागितले काय होते?" तेव्हा अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला जातो. यांतील काही मुले उद्या मेजापलीकडच्या खुर्चीवर बसतील. तेथे येणाऱ्या अर्जातील चूक त्यांनी अवश्य दुरुस्त करावी. पण आधी मागणी वाचावी.